पाण्यात पाहणे

हां हां, हात नका लावू साहेब, एकदा नळीत टांगलं की झाकण उघडायचं नाही - आणि तुम्हीच म्हणालात ना, 'जसं आहे तसं टाका, त्याला काय होतंय'? मी विचारलं होतं, आठवून बघा, की आधी एकदा सगळं बंद आहे ना ते तपासू का - तर तुम्ही हसलात. 'मॅडम, हे अकरा हजार मीटर खोल जातं.' बरं, जातं तर जातं. माझ्या या काचेच्या नळीत पाणी किती? वीतभर. मग घाबरायचं कारणच नाही, ना तुम्हाला, ना मला. बसा त्या स्टुलावर, डावा पाय हलतो त्याचा, भिंतीला टेकून बसा. फोन स्टँडला लावलाय तो राहू द्या तसाच. नळी दिसतेय ना तुमच्या मंडळींना? आवाजपण जातोय? छान, आवाज जाऊ द्या. किती जण आहेत म्हणालात? तीनशे बारा! भर दुपारी तीनशे बारा माणसं कामधाम सोडून एक घड्याळ भिजताना बघायला बसलीत - धन्य आहे. त्यातला एक आमच्या घरचा आहे बरं का. गेल्या आठवड्यात मीच घातलं त्यांना तुमच्या या घड्याळवेड्यांच्या गटात. कोण ते सांगते नंतर, घाई काय आहे.

वाचू का मी, काय लिहितायत ते? मला मजा वाटते वाचायला. हा बघा - 'राक्षस!' नुसतं एवढंच, आणि पुढे आगीच्या सात ज्वाळा. हा विचारतोय, 'घड्याळ आहे की प्रेशर कुकरचं झाकण?' त्याच्यावर दुसरा चिडलाय, म्हणतो ज्याला कळत नाही त्याने तोंड बंद ठेवावं. एक म्हणतो एवढं घड्याळ मावावं म्हणून शर्टाची उजवी बाही चार बोटं सैल शिवून घेतली - उजवी का हो? हां, डावखुरा असेल. हा गृहस्थ बरा आहे, 'भाऊ, तुम्हाला पोहता येतं का?' - अय्या, उडवलीत तुम्ही त्याची कॉमेंट? चटकन हात चालतो हो तुमचा. राहू द्यायची होती की. आणि हा सोमवारपासून एकच लावून धरतोय, घड्याळ नकली आहे, पाण्यात टाकून दाखव, पाण्यात टाकून दाखव. त्याच्यासाठीच आलात ना तुम्ही इथे? गटाचा प्रमुख म्हणून तुमची अब्रू पणाला लागलीय. 'पाणबुड्या' म्हणतात तुम्हाला तिथे. साहेब, पाणबुड्या!

आता तीन मिनिटं थांबायचं. मी पंप मारला तो बघितलात? दाबाचा काटा सहावर आलाय. घड्याळ अजून पाण्याच्या वर, हवेतच लटकतंय - आधी हवेतच दाब द्यायचा असतो. कुठे केसाएवढी फट असेल तर दाबाची हवा आत घुसते. मग या दांड्याने ते पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. आत घुसलेली हवा बाहेर पडायला बघते, आणि जिथून आत गेली तिथूनच बुडबुडे काढते. खोटं बोलायला जागाच नाही. फट नसेल तर एक बुडबुडा येत नाही, घड्याळ माशासारखं गप्प राहतं. आमच्याकडे याला 'पाण्यात पाहणं' म्हणायचे. गिऱ्हाइकाने विचारलं की घड्याळ कसं झालंय, तर बाबा म्हणायचे, 'उद्या पाण्यात पाहतो, मग सांगतो' - आणि नवीन माणूस असला की दचकायचा, म्हणायचा, मी काय वाईट केलं हो तुमचं?

बाबा म्हणजे माझे वडील. घड्याळजी. तुम्ही ओळखता त्यांना. नाही म्हणू नका लगेच, आठवा जरा. हे दुकान नवीन आहे, पाटी नवीन आहे, पाटीवर माझं नाव आहे, म्हणून तुम्ही आलात. तुमच्याच गटात कुणीतरी सांगितलं ना, बाई हुशार आहे, तिच्याकडे काचेची नळी आहे? आमचं जुनं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं, चष्मेवाल्याच्या शेजारी, खिडकीएवढं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास घ्यायचा नाही. सहा वर्षांपूर्वी तुम्ही तिथे निळ्या तबकडीचं घड्याळ दिलं होतंत - पाण्यातलंच, पण यापेक्षा पुष्कळ साधं. आठवलं? आठवलं. चेहराच सांगतोय.

नाही, उठायचं नाही. दाब आहे आत, मधे काही करता येत नाही.

तुमच्या पोस्टचा शब्द न् शब्द पाठ आहे मला. 'या म्हाताऱ्याचा हात थरथरतो. याच्याकडे घड्याळ देण्यापेक्षा सरळ नळाखाली धरा.' आणि खाली फोटो, तुमच्या घड्याळाचा, काचेच्या आत वाफ धरलेली - आणि त्याच्या बाजूला बाबांचा फोटो. माणसाचा फोटो कशाला टाकलात हो? लूप, ते घड्याळजीचं भिंग, डोळ्याला लावून वाकलेले, मान खाली, त्यांना कळलंसुद्धा नाही तुम्ही कधी काढलात ते. अकराशे लोकांना आवडला तो. एकाने लिहिलं, आजोबांना आता झोपू द्या. एकाने लिहिलं, माझंही घड्याळ यांनीच बिघडवलं असणार - असणार! कधी दुकानाची पायरी न चढलेला माणूस. आणि हात थरथरत नव्हता साहेब. तेव्हा नव्हता. तुमच्या पोस्टनंतर थरथरायला लागला. एकच घड्याळ सात सात वेळा उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. मग उघडणंच सोडलं. पट्टे बदलायचे नुसते. चाळीस वर्षं ज्या माणसाने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, तो पट्ट्यांना भोकं पाडत बसला. मग तेही नको झालं. आता घरी असतात, खिडकीशी. घरात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर मला हाक मारतात.

तर मी तुम्हाला सहा वर्षं पाण्यात पाहतेय. हसू आलं ना? मलाही येतं. ही नळी मी कुणासाठी घेतली असेल? लोखंडी, बंद डब्याचं यंत्र होतं आमच्याकडे, चांगलं चालत होतं, नुसता आकडा दाखवायचं. पण मला काच हवी होती. मला लोकांना दिसायला हवं होतं.

आता ऐका, हे नीट ऐका, तीनशे बारा जणांनीपण ऐका. ते निळं घड्याळ तुम्ही नेलंत फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, अठ्ठावीसला. दुसऱ्या दिवशी पोहायला गेलात आणि त्याच दुपारी पाणी भरलेलं घड्याळ आमच्या काउंटरवर आपटलंत. आत भरलं पाणी, काटे थांबलेले. तारखेच्या चौकटीत काय होतं माहितीये? एक. मार्चची एक तारीख. पण साहेब, घड्याळाला फेब्रुवारी कळतो का? त्याला प्रत्येक महिना एकतीसचा. आपोआप चाललं असतं तर तिथे एकोणतीस दिसायला हवं होतं. म्हणजे त्या सकाळी कुणीतरी बाजूची चावी सोडवली, एक टप्पा बाहेर ओढली आणि हाताने तारीख पुढे आणली. कुणी? बाबांनी? घड्याळ तुमच्या मनगटावर होतं! आणि तारीख लावून झाल्यावर चावी आत दाबून, पिळून बंद करायची असते. ती केलीत की नाही, ते देव जाणे, कारण काउंटरवर आलं तेव्हा चावी घट्ट होती. ती पाण्यातून बाहेर आल्यावर बंद केलीत. मला खात्री आहे. पण खात्रीला कोण विचारतं?

आज तारीख किती साहेब? एक. मागचा महिना कितीचा होता? तीसचा.

झाली तीन मिनिटं. सोडते हं पाण्यात. बघा, आता दाब उतरवतेय, हळू… हळू… काच बघा, काचेपाशी काही नाही. मागचं झाकण, काही नाही. सुरेख बनवलंय, मानलं पाहिजे. आणि ते काय? ते बघा ना. चावीपाशी. एक - दोन - अहो ही तर माळच लागली! अकरा हजार मीटर खोल जाणारं घड्याळ आणि पाणबुड्याने चावी उघडी ठेवलेली! सकाळी तारीख लावलीत ना ऐटीत, आणि पुन्हा तशीच ठेवलीत! दुकानात शिरलात तेव्हाच बाहीखाली दिसली होती मला. म्हणून तर विचारलं, तपासू का. एका शब्दाने 'हो' म्हणाला असतात तर सुटला असतात.

वाचा आता. वाचा, तुमचीच माणसं आहेत. 'चावी!' 'चावी उघडी आहे!' 'हाहाहाहा' - ओळभर. 'पाणबुड्या बुडाला.' हा बघा, सोमवारपासून मागे लागलेला, म्हणतो घड्याळ अस्सल, मालक नकली. आता का नाही उडवत कॉमेंट? बोटं गारठली? नाही, घड्याळ वर काढणार नाही मी इतक्यात. बुडबुडा दिसला की ताबडतोब वर काढायचं असतं, नाहीतर हवेच्या जागी पाणी शिरतं, मला माहितीये, मला कोण शिकवणार! हा दांडा माझ्या हातात आहे. आधी त्या फोनकडे बघा आणि बोला. म्हणा, सहा वर्षांपूर्वीपण मी चावी उघडी ठेवली होती. त्या म्हाताऱ्याची काही चूक नव्हती. म्हणा. कारण दुसरं काही असूच शकत नाही, वायसर कोरा होता, पाणी अडवणारी ती रबराची कडी नवीन पाकिटातून काढून, ग्रीस लावून मी स्वतः चिमट्याने बसवली होती -

काय?

'मी' म्हणाले? बाबांनी. बाबांनी बसवली होती. दुरुस्तीच्या कार्डावर त्यांचं अक्षर आहे, तुम्हाला दिलं होतं ते कार्ड -

आवाज बंद करा त्या फोनचा. बंद होत नाही म्हणजे काय? असू दे मग. असू दे. हो, मी बसवली होती. बाबांचं पाच माणसांचं काम पडलं होतं, मी मदतीला बसायची, वायसर माझ्याकडे असायचे. तुम्ही आरडाओरडा केलात तेव्हा बाबांनी माझ्या अक्षरातलं कार्ड फाडलं आणि स्वतःच्या हाताने नवीन लिहिलं. मला एका शब्दाने विचारलं नाही - बसवलास का ग नीट? कधीच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. कारण दोन दिवसांनी, बाबा तापाने घरी होते, मी एकटीच दुकान झाडत होते, आणि बाकाखाली एक वायसर मिळाला. त्याच मापाचा. जुना काढलेला की नवीन बसवायचा राहिलेला? धुळीत लोळलेला, काय कळणार! मी तो लगेच बाहेर गटारात टाकला. कुणालाच दाखवला नाही. कुणालाच. तारखेचं सगळं खरं आहे हो, चावी तुम्हीच सोडवली होतीत, शपथेवर सांगते - पण एक रात्र अशी गेली नाही की मी तो वायसर मनात उचलून उजेडात धरून बघितला नाही.

मग? लिहा की आता. तीनशे बारा माणसं आहात, मघाशी धबधबा चालला होता तसं लिहा. आलं काहीतरी. फोटो नसलेल्याचं आहे, नवीन सदस्य. ते आमचे. एका बोटाने लिहितात, वेळ लागतो त्यांना. तुम्ही वाचा. माझा हात दांड्यावर आहे.

'वर काढ.' एवढंच?

काढते. काढलं, बाबा. हे पुसलं. ही चावी आत दाबली, ही पिळली. फार नाही गेलं पाणी, गेलंच नसावं. अजून लिहितायत? वाचा ना साहेब, मोठ्याने वाचा.

'बाकाखालचा वायसर जुना होता. मी पाहिला होता.'

कुठे पाहिला, बाबा? तुम्ही घरी होतात. तुम्हाला ताप होता.

घ्या तुमचं घड्याळ. मला काही म्हणून नका दाखवू आता, त्या फोनलाही नको. फोन काढा तिथून आणि जा. जा म्हणते ना.