घटाशेजारची मिरची

अहो, क्रोध आवरावा हे मलाही ठाऊक आहे. पण दसऱ्याला काय घडले ते आधी ऐका. डभोईच्या बहिणीच्या परसातल्या मिरचीचे उरलेले शेवटचे चिमूटभर बी मी देवघरात, नंदादीपाच्या उबेला, घटाशेजारच्या कुंडीत रुजवले होते. धाकटा भाऊ वसंता सोने द्यायला आला आणि घटाचे धान्य समजून त्याने सगळी रोपे उपटून टोपीत खोवली.

"वसंता, गव्हाला कधी अशी पाने येतात? डोळे लहरीपुऱ्यातल्या घरीच विसरून आलास?"

"मला वाटले, यंदा तुम्ही वेगळे धान्य पेरले. जवा दो ने, जाऊ द्या ना, दादा. रोज नामजप करता आणि मूठभर रोपांसाठी एवढा संताप?"

"नामजप करतो, म्हणूनच तू अजून या घरात उभा आहेस."