आईच्या फोटोचा कागद

आई गेल्यावर तिचा फोटो मोठा करायला आप्पांना घेऊन सात रस्ता चौकातल्या फोटो लॅबमध्ये गेलो होतो. लॅबवाल्याने दोन नमुने छापले, एक चकचकीत कागदावर, एक सुती कागदावर.

आप्पांची हयात चादरीच्या मागावर गेलेली. त्यांनी सुती कागद चिमटीत धरला आणि डोळे मिटून बोटांनी चाचपला.

"हाच घ्या. पांघरावा असा हाय."

मग जुन्या सवयीने, रंग पक्का आहे का बघायला, त्यांनी अंगठा ओला करून आईच्या कुंकवावर घासला. कुंकू कपाळभर पसरलं.

"असू दे काका, ह्याच कागदावर दुसरा काढतो की," लॅबवाला म्हणाला.

आप्पांचा अंगठा लाल झाला होता. मी पुसायला रुमाल दिला.

त्यांनी मूठ मिटून घेतली. "राहू दे की."