दार उतरवताना

...नाही नाही, दुरुस्ती नाही, मिस्त्री. फोनवर तुम्ही नीट ऐकलंच नाहीत. दार काढायचंय. अख्खं. हे समोरचंच. बिघडलंय कुठे? काही बिघडलेलं नाही, चांगलं ठणठणीत आहे, तीच तर पंचाईत आहे! ठेवा ती पिशवी, तिथे भिंतीशी ठेवा. आत? आत मुलगा आहे माझा. आणि झोपला असला तरी काय, सूर्य डोक्यावर आलाय, तुम्ही बिनधास्त ठोकाठोकी करा. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत म्हणून तर तुम्हाला बोलावलं, नाहीतर आतून कडी घालून बसलेल्या माणसाचं दार काढणार कसं? — वाजवून बघू म्हणता? वाजवा की. मी वाजवून वाजवून दमलो. त्याची आई ताट बाहेर ठेवते, आम्ही निजलो की तो ते आत नेतो, आणि सकाळी बघावं तर ओट्यावर धुऊन पालथं घातलेलं. धुऊन हं! वळण आहे, वळणात कुठे कमी नाही. पण माणूस म्हणून दिसत नाही तो आम्हाला.

आणि हे फक्त माझ्याच घरात आहे असं समजू नका. मी मास्तर होतो, जन्म पोरांत गेला, मला विचारा. या गल्लीतच बघा — कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा मुलगा, शिकून सवरून दिवसभर गाडीवर नुसता बसलेला असतो, गाडी चालूसुद्धा करत नाही. वरच्या मजल्यावरचा तो उंच मुलगा, त्याला विचारलं काय करतोस, तर म्हणतो बघतोय. काय बघतोयस? तर म्हणे तेच बघतोय! का होतं असं? तुम्हाला काय वाटतं? फोन? सगळे फोनच म्हणतात. फोन असेलच, मी नाही म्हणत नाही, पण मूळ दुखणं वेगळं आहे. यांना दिशा नाही. आम्हाला होती. आमच्या बापानं बोट दाखवलं तिकडे आम्ही चालायला लागलो, मागे वळून बघितलं नाही. अजून लोक आपली पोरं घेऊन माझ्याकडे येतात, मास्तर, याला कुठल्या लायनीत घालू सांगा. आणि मी सांगतो. याच पडवीत बसून सांगतो. ते आत ऐकू जात असेल का? जात असेल. दारच केवढंसं ते, पातळ.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, मग स्वतःच्या मुलाला नाही का दिशा दिली? अहो दिली की! दुसरं केलं काय मी? हा लहानपणी घड्याळं उघडायचा, खुर्च्यांचे पाय सोडवून परत बसवायचा, आईला भाजी चिरायला फळी करून दिलेली, अजून वापरते ती. मी म्हटलं हे चाळे पुरे, इंजिनिअर हो. झाला. मग बाजारात इंजिनिअर ढिगानं झाले, म्हटलं सरकारी परीक्षा दे. दिल्या. थोडक्यात हुकल्या, एकदा तर अगदी थोडक्यात. म्हटलं बँकेच्या दे. मग कुणीतरी म्हणालं कॉम्प्युटरचा कोर्स करा, तोही लावला. मधेच त्यानं स्वतःहून कुठेसं काम धरलं होतं, कसल्याशा कारखान्यात, मशीनवर — ते मी सोडायला लावलं, म्हटलं तिथे अडकलास की संपलास. दर वेळी वाट मीच दाखवली, दर वेळी नवीन, कधी कंटाळलो नाही. आणि म्हणे दिशा नाही! एवढ्या दिशा कुणाच्या बापानं दिल्यात?

काय बघताय? ती भोकं होय. स्क्रूचीच आहेत, बरोबर ओळखलंत. कडी होती तिथे. बाहेरून. — दहावीच्या वर्षी लावली होती हो. अभ्यासासाठी! शाळेतून आला की आत, पाठांतर झालं की दार उघडायचं. त्यात काय एवढं? पाणी आत ठेवलेलं असायचं. हाक मारली की ही उघडायची, म्हणजे मी घरात नसलो तर उघडायची. बारावीलाही तसंच. आणि मार्क पडले ना! पेढे वाटावेत असे मार्क पडले. मग काढून टाकली कडी, माळ्यावर ठेवून दिली. आता आतून आहे ती तीच. हो, तीच! यानंच शोधून काढली माळ्यावरून आणि आतून बसवली, मला पत्ता नाही. एक दिवस दार ओढतो तर उघडेना. चांगली बसवलीय म्हणताय? एवढ्या फटीतून दिसतं तुम्हाला? असेल. हातात कला आहे त्याच्या. कलेनं पोट भरत नाही.

ठोका, ठोका. ही रडतेय तिकडे लक्ष देऊ नका. सकाळपासून माझ्या मागे लागलीय, दार काढू नका, मुलगा काहीतरी करून घेईल. मी म्हटलं अगं, म्हणूनच काढतोय! दार नसलं तर दिसेल तरी. येता-जाता कान लावून उभा राहतो मी इथे, या इथेच, मिस्त्री — पंख्याच्या आवाजात श्वास ऐकू येत नाही हो. मग मी मुद्दाम खोकतो. आतून तो कूस बदलतो, पलंग करकरतो, तेव्हा कुठे मी चहाला जातो. भीती वाटते. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला अख्खी शाळा टरकायची — असो. उद्या सकाळी सगळं मार्गी लागणार आहे. माझा जुना विद्यार्थी एका मोठ्या ऑफिसात साहेब आहे, त्यानं शब्द दिलाय, सर तुम्ही फक्त पाठवा, खुर्ची तयार आहे. फक्त जाऊन बसायचं! शर्टाला इस्त्री करून ठेवलीय मी स्वतः. काम कसलं? ते बघतील की ते. आज हे दार निघालं की उद्या त्याला बाहेर पडावंच लागेल, लपायला जागाच उरणार नाही.

निघाली वरची? बरं, आता खालची. मी धरू का? माझी कंबर, काय सांगू, पण धरतो — सांभाळा, सांभाळा, कललं! चौकट फाटेल कडीपाशी — अगं बाजूला हो! — ऐकलंत? कडी काढली. आतून काढली त्यानं! बघा, बापाचा धाक अजून आहे. चौकट वाचावी म्हणून? असं म्हणता? असेल, तेही असेल. अरे... अरे, हा बघा. दाढी केवढी वाढवलीयस. धर, धर ती बाजू, मिस्त्रींना जड होतंय. कशी बरोबर उचलली बघा, खालून हात घालून. हो, तिथेच, भिंतीला टेकवा. शाब्बास. — अगं बघ, आलाय बाहेर! उगाच रडत होतीस. हे बघ बाळ, आता अंघोळ कर, दाढी कर, उद्या सकाळी —

तुम्ही काय बोलताय त्याच्याशी? ती बिजागरी काय दाखवताय त्याला? हां, कडी त्यानंच बसवली, सांगितलं ना मघाशी. पटाशी? नाही, त्याच्याकडे पटाशी-बिटाशी कुठली, खाच सुरीनं कोरली असेल. हो ना रे? सुरीनंच. बघा, मान हलवली. — काय? कुठे यायला सांगताय? तुमच्या दुकानात? उद्यापासून?... थांबा हं. काय म्हणालास तू? परत बोल. किती वाजता. ऐकलंस का गं, किती वाजता म्हणाला हा! कित्येक महिन्यांत माझ्याशी अक्षर बोलला नाही आणि या माणसाला विचारतो किती वाजता! आणि चपला कशाला शोधतोयस? काढ त्या. काढ आधी!

मिस्त्री, तुम्हाला दार काढायला बोलावलं होतं. तेवढंच करायचं. तुमचा हेतू चांगला असेल, माझं काही म्हणणं नाही, पण हा इंजिनिअर आहे. मास्तरांचा मुलगा. याच पडवीत लोक पोरं घेऊन येतात माझ्याकडे, त्यांना काय सांगू, माझा मुलगा रंधा मारायला गेलाय? चार दिवस जाईल, अंगाला भुसा लावून घेईल, आणि साहेबाकडची खुर्ची जाईल ती जाईलच. माझा शब्द जाईल. नाही, तुम्ही मधे बोलू नका. तू पण ऐक. उद्या तू ऑफिसात जायचंस. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर आहे. बघ माझ्याकडे. माझ्याकडे बघ म्हणतोय ना! — बरं, नको बघूस. आत जा. जा आत आणि विचार कर.

गेला. बघितलंत? एका शब्दात गेला. उलट उत्तर नाही, काही नाही. असा आहे तो, गुणी आहे, फक्त जरा रेटावं लागतं. आता दार नाही, आता जाईल कुठे, उद्या सकाळी मी स्वतः उभा राहून — काय ओढतोय तो? अरे, काय सरकवतोयस? हे बघ, ते कपाट जड आहे, पाठीत उसण भरेल — अरे, ऐक — अगं, तू तरी सांग त्याला! उजेड बंद झाला आतला. पार चौकटीला भिडवलंन की. अरे बाळ? पंखा तरी बंद कर. पंखा बंद कर म्हणजे मला... बाळ?

तुम्ही अजून इथेच? उचला तुमची पिशवी. दुसऱ्याच्या घरातलं काय बघत उभे राहता? या आता.