उंदीर जागचा हलेना

खरं सांगू, माझा पहिला संशय मेव्हण्यावरच. रोह्याला कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे तो. आमच्या पेणच्या घरी मी गणपतीपुढे उंदीर बसवला होता. सेन्सरसमोर हात धरला की रिलेचा स्विच टक्कन वाजायचा, मोटर फिरायची आणि उंदीर मोदक घेऊन पुढे यायचा. मेव्हणा बघून गेला आणि उंदीर जागचा हलेना.

मोटर थेट बॅटरीला जोडली, तर फिरली. रिलेही चांगला. म्हणजे त्यानं सेन्सरलाच काहीतरी केलं होतं.

"आई गो, त्यानं याला हात लावला काय?"

"त्यानं नाय, मी लावला. तीट लावली."

बघतो तर सेन्सरच्या डोळ्यावर काजळाचा मोठा ठिपका.

"कशाला पण?"

आई हळूच म्हणाली, "तुझा मेव्हणा टक लावून बघत व्हता. मला पहिल्यापासून त्याचा भरवसा नाय."