उमरेडच्या मशीनसाठी चार ओळी

(नागपूर, १९८७. विणकर संघाच्या मुख्य कचेरीतली कॉम्प्युटरची खोली. प्रोग्रॅम चारुशीला लिहिते; गोपिका उमरेडच्या शाखेत मशीन चालवते आणि सकाळच्या एसटीनं आली आहे.)

गोपिका : ...चहा मांडला, उकळला, पिऊन झाला, तरी सुताची एक चिठ्ठी छापून अर्धीच. बाहेर लोकं सुतासाठी ताटकळून राहिले. जुना प्रोग्रॅम होता तेव्हा असं नव्हतं वं.

चारुशीला : इथे तर भराभर छापतोय, ताई.

गोपिका : इथली मशीन नवी आहे, बाई.

चारुशीला : थांबा, लक्षात आलं. प्रिंटर हळू चालतो. म्हणून प्रत्येक अक्षरानंतर मशीनला उगाच आकडे मोजत बसवायचं, अशी जुनी युक्ती आहे. नवी मशीन ते चुटकीसरशी मोजायची आणि मधलीच अक्षरं गळायची. मग मी मोजणी वाढवली.

गोपिका : अन् आमची म्हातारी मशीन तेवढंच मोजत बसली.

चारुशीला : हो. उमरेडचा विचारच केला नाही मी.

गोपिका : मंग कर ना कमी.

चारुशीला : कमी केली की इथलं बिघडतं. दोन्ही मोजण्या ठेवायच्या, तर मशीन कोणती ते आधी ओळखावं लागेल. आणि जुन्या मशीनसाठी आता एक ओळही लिहू नका, असं साहेबांनी सांगितलंय. वर्षभरात उमरेडचं काम इकडेच आणणार आहेत.

गोपिका : अन् मले?

चारुशीला : तुम्हालाही इकडेच.

गोपिका : सासू अंथरुणाले खिळली आहे. रोज नागपूर होते का मले? नोकरी सोडाच लागन.

चारुशीला : आज दुरुस्त केलं तरी ते टळणार नाही, ताई.

गोपिका : समजते मले. पण नाही केलं, तर साहेब म्हणतीन, मशीनच बेकार झाली. वर्ष काहून थांबतीन मंग?

चारुशीला : ...बसा. लिहिते.

गोपिका : साहेबानं पाह्यलं तर?

चारुशीला : पाहू देत. फक्त इथे तपासून भागणार नाही, मागच्या खेपेला तसंच केलं अन् फसले. तुमच्याबरोबर उमरेडला येते.

गोपिका : अन् वर्षानं?

चारुशीला : त्या ओळी मी काढणार नाही. कितीही नव्या मशीनी येऊ देत.

गोपिका : ओळी राहतीन. मी नसन तवा. लिही वं, शेवटच्या एसटीच्या आत झालं पाहिजे.