बिस्किटांचा डबा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांनी पिशवीतून काढलेला पत्र्याचा डबा आजींनी उघडला.

"अहो, यात तर दोरे आहेत! माझ्या गोळ्या कुठे आहेत? त्या बघितल्याशिवाय डॉक्टर नव्या देणार नाहीत."

"तूच म्हणालीस, बिस्किटांचा डबा घ्या. घेतला."

"हा नव्हे, दुसरा!"

"घरात तसले पाच आहेत. एकात खिळे, एकात बटणं..."

"चांगला डबा टाकवत नाही मला."

"आणि बिस्किटं कशात ठेवतेस?"

"साबणाच्या डब्यात."

"धन्य आहे! आता आपलाच नंबर आहे."

"मग सूनबाईला फोन करा. म्हणावं, गोळ्यांचा फोटो पाठव."

"कुठे आहेत म्हणून सांगू?"

"कुठे म्हणजे काय? बिस्किटांच्या डब्यात!"