कोंडलेला गारवा

नाही, त्या दाराला हात नका लावू — माफ करा, मी जरा जोरातच बोलले, पण ते दार उघडायचं नाही, निदान काका वर येईपर्यंत तरी नाही. बसा ना. ती खुर्ची डगमगते, ही घ्या. काका येतीलच, तुमच्यासाठीच तर उतरलेत तळघरात, ती जुनी बाटली काढायला. नाही हो साहेब, तुमचं काही चुकलं नाही, एवढ्या लांबून खरेदीला आलेल्या माणसानं चांगलंच मागावं, आणि ती बाटली कुणी नाव काढून मागितली की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. फक्त ती आहे अगदी आतल्या खोलीत, जी दोन पायऱ्या अजून खाली आहे, आणि तिथेही सगळ्यात खालच्या फळीवर, जमिनीला टेकून. सगळ्यात गार जागा ती. गुडघ्यावर बसून, आत डोकं घालून काढावी लागते. म्हणून वेळ लागतोय. म्हणूनच असणार, दुसरं काय असणार.

मी? नाही, मला कुठे काय झालंय. मी आहेच सशासारखी भित्री. काका मला ससुली म्हणतात — मी त्यांची पुतणी, वडील गेल्यावर त्यांनीच वाढवलं, कॉलेजात पाठवलं, आंबवणाचं शास्त्र शिकून ये म्हणाले — आणि शिकून आले तर बूच उडालं तरी दचकते. वाईनच्या कारखान्यात बूच उडाल्यावर दचकणारी मुलगी, म्हणजे सांगा आता. मागच्या हंगामात टाकी धुताना वाफेचा लोट उठला आणि मी आग आग म्हणून अख्खा रस्ता गोळा केला. बंब आला, शिड्या लागल्या, आणि आत बघतात तर आमचा धुणारा गडी टॉवेलनं तोंड पुसत उभा. बंबवाले अजून मला रस्त्यात बघितलं की विचारतात, काय ताई, आज कुठे लागलीये? हसा, हसा, सगळेच हसतात. म्हणून तर मी आता कानाला खडा लावलाय. मनात काहीही येऊ दे, तोंडातून काढायचं नाही. आत्तासुद्धा मनात काहीबाही येतंय, पण मी बोलतेय का तसं? नाही. मी तुमच्याशी गप्पा मारतेय.

तर दार का उघडायचं नाही, हे विचारत होतात तुम्ही. गारवा जातो. एवढंच. तुम्ही बाहेरून आलात, हवा बघितलीत ना, अशी भट्टीतून निघाल्यासारखी — आणि हा हंगामाचा शेवट नाही, ही सुरुवात आहे. पूर्वी द्राक्षं उतरायची ती हवा गार असताना, सकाळी तोडताना बोटं गारठायची असं काकू सांगते. आता ऐन आगीत पिकतात, वेलीवरच मनुके व्हायला लागतात, घाईघाईनं तोडायची, रस इतका गोड की जिभेला चिकटतो. आणि जितका गोड तितका तो जास्त उसळतो. लोकांना वाटतं रस पिंपात नुसता पडून राहतो आणि त्याची वाईन होते. तो तापतो हो — चुलीवर न ठेवता तापतो, पिंपाला हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागतं. वेळेवर थंड केला नाही तर आतलं यीस्ट मरतं, आणि मग उरतं ते काय — अर्धवट गोड, उकडलेल्या फळाच्या वासाचं, कुणी फुकट नेणार नाही असं काहीतरी. म्हणून गच्चीवर ते थंड करायचं यंत्र. काकांनी घेतलं तेव्हाच्या उन्हाळ्याला ते पुरायचं. आताच्या उन्हाळ्याला बिचारं धापा टाकत होतं, आणि परवा दुपारी गचकलं. मिस्त्री आला, झाकण उघडलं, आतला पंखा बोटानं फिरवून बघितला आणि म्हणाला याचा भाग मिळायला आठवडा. आठवडा — आणि इकडे रस उसळायला लागलेला. काका पायरीवर बसले ते उठेचनात. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

मग मीच म्हटलं — हो, कल्पना माझी, सांगायला लाज कसली — म्हटलं, काका, वर एवढी आग आहे आणि पायाखाली आयता गारवा आहे. उसळणारी पिंपं खाली नेऊ या. आमच्या घराचा एक नियम आहे, आंबवण वर, साठवण खाली, पणजोबांपासूनचा, कुणी मोडलेला नाही. का मोडायचा नाही ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. मी काकांना विचारलं, तर म्हणाले, भरलेली पिंपं जिन्यावरून कोण चढवणार-उतरवणार, म्हणून असेल. म्हटलं, एवढंच असेल तर आपण उतरवू की. काल दिवसभर दोर लावून सगळ्यांनी मिळून उतरवली — काकू देखील दोराला होती, पदर खोचून, आम्हाला शिव्या घालत. सगळी पिंपं तळघराच्या बाहेरच्या खोलीत, ओळीनं. आणि मग माझ्या लक्षात आलं की झरोक्यांतून उन्हाची झळ आत येतेय. तीन झरोके आहेत रस्त्याच्या बाजूला, भिंतीत, जमिनीच्या जरा वर. ते मी बाहेरून बंद केले. जुन्या रजया ओल्या करून कोंबल्या, वर फळ्या ठोकल्या, दाराच्या फटीला कापड लावलं, आणि सगळ्यांना बजावलं की दार उगाच उघडायचं नाही. पारा बघता बघता उतरला, साहेब. काका वर आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ससुलीनं यंदाचं वर्ष वाचवलं. मला — मला असं कुणी कधी काही म्हटलेलं नाही. मी रात्री झोपलेच नाही आनंदानं.

हो, बराच वेळ झाला खरा. हाक मारू या म्हणता? मारली असती, पण दार उघडावं लागेल, आणि सकाळीच ओरडा खाल्लाय मी. काका पिंपं बघायला उतरले होते, मी दोनदा दार उघडून डोकावले, तर खालूनच ओरडले — आपणच नियम करायचे आणि आपणच मोडायचे, गारवा काय पळून चाललाय का मी पळून चाललोय? आणि मग स्वतःच वर आले, डोकं धरून. म्हणाले गरगरतंय, ऊन बाधलं. काकूनं पाणी दिलं, पडून राहा म्हणाली, पण हे कसले ऐकतात. ऊन बाधलं म्हणे. तळघरात कुठलं ऊन, मी म्हटलंसुद्धा, तर म्हणाले, तू आता डॉक्टर पण हो. पायऱ्या चढून धाप लागली होती त्यांना. वय झालं, दुसरं काय. कालपर्यंत लागत नव्हती ती गोष्ट वेगळी.

काय म्हणालात? हां, या वरच्या आंबवणाच्या हॉलचं ते खालचं झडप. नाही, मोडलेलं नाही, ते मुद्दाम उघडं असतं, बारा महिने. मांजरं येतात त्यातून, तुम्ही म्हणता ते खरं, काकू रोज करवादते त्यावरून. पण त्याचं कारण आहे — रस उसळतो ना, तेव्हा त्यातून वायू सुटतो, ते बुडबुडे म्हणजे तोच, आणि थोडाथोडका नाही, ढिगानं सुटतो, आणि रस जितका गोड तितका जास्त. दिसत नाही, त्याला वास नाही. आणि हवेपेक्षा जड असतो, पाण्यासारखाच उतारानं वाहतो आणि खड्डा दिसला की तिथे साठून राहतो, खालून वर भरत जातो. म्हणून झडप जमिनीलगत. वर तो आपोआप निघून जातो, त्याचा विचारही करावा लागत नाही, वर आम्ही त्याचा कधी विचारच —

वर.

साहेब, काकांना उतरून किती वेळ झाला? नाही, घड्याळ नका बघू, नको, सांगूच नका.

मी दचकलेले नाही. या वेळी नाही.

थांबा — थांबा म्हटलं ना. दार मी उघडते, पण तुम्ही उतरायचं नाही. एक पायरीसुद्धा नाही. मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय, म्हातारा माणूस खाली आहे आणि ही पोर वाट अडवून उभी आहे. ऐका. अशा वायू भरलेल्या जागी पहिला माणूस पडतो, दुसरा त्याला उचलायला वाकतो आणि त्याच्याच अंगावर पडतो, आणि तिसरा त्या दोघांसाठी उतरतो. श्वास रोखून जाईन म्हणाल तर तेवढ्या श्वासात आतली खोलीसुद्धा गाठता येणार नाही, माणूस उचलून आणणं तर सोडाच. हे मला शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंय हे, पूर्ण गुण मिळाले होते. माझा जीव आत ओढला जातोय, साहेब, ते मला बापाच्या जागी आहेत, आणि मी उतरत नाहीये. म्हणून तुम्हीही नाही.

तुम्ही बाहेर जा. डाव्या हाताला वळा, भिंतीला तीन झरोके आहेत, फळ्या उपटा, लाथेनं तोडा, रजया ओढून काढा. मी इथून मोठा पंखा लावते. आणि पळता पळता बंबवाल्यांना फोन करा — तोंडाला नळी लावून उतरणारी माणसं पाठवा म्हणावं, तळघरात वायू साठलाय म्हणावं. नाही, मी नको. तुम्हीच करा, पुरुषी आवाजात, शांतपणे. माझा आवाज ऐकला तर ते हसतील, आणि हसण्यात जाणारा वेळ आता नाहीये. माझं नाव काढू नका. पुतणी सांगते म्हणू नका. तुम्हीच बघितलंत म्हणा.

काकूला मी सांगते. नाही, आत्ता तिला कुणीच नको सांगायला, ती सरळ खाली धावेल.

जा ना. बाटलीबद्दल नका बोलू आत्ता. तुम्ही मागितलीत म्हणून हे झालेलं नाही, त्या रजया मी भिजवल्यात. जा, पळा.

काका. दार उघडलंय, काका. काका, ऐकू येतंय का? पंखा लावलाय. बाटली राहू द्या तिथेच. काका, तसेच या.